त्या इमारतीला सातवा मजलाच नव्हता

गेल्या डिसेंबरमध्ये मुलीच्या पदवीदान समारंभासाठी बर्मिंगहॅमला गेलो असता राहण्याच्या जागेच्या व्यवहारात आमची १,१०,००० रुपयांची फसवणूक झाली. इंग्लंडमधील बऱ्याच विद्यापीठांत एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलांचे समारंभ डिसेंबर-जानेवारीत होतात आणि त्या निमित्ताने आमच्यासारखी अनेक कुटुंबे पहिल्यांदाच परदेशी जातात. त्यांच्यापैकी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून जे घडले ते घडले तसे लिहीत आहे.

मुलगी प्रबंध सादर करून नोकरीसाठी लीड्सला गेली होती, त्यामुळे बर्मिंगहॅममध्ये आमचे हक्काचे असे कोणी उरले नव्हते. तिथे नोव्हेंबरपासून नाताळच्या तोंडापर्यंत व्हिक्टोरिया स्क्वेअर आणि न्यू स्ट्रीटवर फ्रँकफर्ट ख्रिसमस मार्केट भरते. ते पाहायला लांबून लोक येतात, आणि आमचा समारंभ नेमका त्याच दिवसांत होता. शहराच्या मध्यभागी दोन खोल्या पाच रात्रींसाठी घ्यायच्या तर आकडा दीड लाखाच्या घरात जात होता. सासूबाईंचे वय ७४, गुडघ्यांचे दुखणे जुने, म्हणून लांब राहणे नको होते.

अशा वेळी तिकडच्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटावर जाहिरात दिसली: ब्रॉड स्ट्रीटजवळ दोन खोल्यांचे घर, सुट्टीत भारतात जात असल्याने थोड्या दिवसांसाठी द्यायचे आहे. फोटोत करड्या रंगाचा सोफा होता, त्यावर पिवळी उशी होती आणि खिडकीबाहेर कालवा दिसत होता. मी चौकशी केली, तर काही मिनिटांतच उत्तर आले, तेही शुद्ध, आर्जवी मराठीत. ‘काकू, तुम्ही अगदी निश्चिंत या. आजींना जिना चढावा लागणार नाही, लिफ्ट दारातच आहे. आपल्या माणसांकडून हॉटेलएवढे पैसे घ्यायला मन होत नाही.’ पुढे त्याने पहिल्या दिवसापुरते दूध, ब्रेड आणि कांदे-बटाटे आणून ठेवतो, असेही लिहिले. परक्या देशात कोणी एवढी काळजी घेतो आहे, याचेच मला अप्रूप वाटले.

भाडे ६२,००० आणि अनामत ३०,००० रुपये ठरले. पौंडांत पाठवले तर बँकेचे शुल्क पडेल, त्यापेक्षा भारतातच भाऊजींच्या खात्यावर यूपीआयने पाठवा, असे त्याने सुचवले, आणि ते आम्हाला सोयीचे वाटले. पैसे पाठवताना मोबाइलच्या पडद्यावर खातेदाराचे जे नाव आले, त्याचा या मुलाच्या आडनावाशी काहीही संबंध नव्हता. भाऊजी म्हटल्यावर आडनाव वेगळे असणारच, अशी मीच स्वतःची समजूत घातली. घर एकदा व्हिडिओ कॉलवर दाखव, असे यजमानांनी दोनदा सांगून पाहिले. दोन्ही वेळा तो लायब्ररीत होता आणि तिथे बोलण्याची परवानगी नव्हती. तिसऱ्यांदा विचारायला आम्हाला भीड वाटली. मुलीची एक मैत्रीण तेव्हा बर्मिंगहॅममध्येच राहत होती. ती अर्ध्या तासात तिथे जाऊन बघून आली असती. परंतु एवढ्या सज्जन मुलाच्या घरी आपण तपासणीला माणूस पाठवला असे व्हायला नको, म्हणून तिला सांगितलेच नाही. आमचे खरे नुकसान या भिडेने केले, आणि तो समोरचा माणूस तिच्यावरच विसंबून होता, हे आता लख्ख दिसते.

निघायला दोन दिवस असताना त्याचा निरोप आला की इमारतीच्या व्यवस्थापनाला किल्लीसाठी आणखी १८,००० रुपये अनामत हवी आहे, ती निघताना परत मिळेल. त्या रात्री पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली. पण विमानाची तिकिटे काढलेली, बॅगा भरलेल्या आणि दुसरी जागा पाहायला वेळ नाही, अशा अवस्थेत तेही पैसे आम्ही भरले.

हीथ्रोहून बसने डिग्बेथच्या स्थानकावर आणि तिथून टॅक्सीने दिलेल्या पत्त्यावर पोहोचलो, तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजले होते आणि पूर्ण अंधार पडला होता. इमारत खरी होती. घराचा क्रमांक ७०४ सांगितला होता. दाराशेजारच्या पाटीवरची बटणे मात्र ५०८ला संपत होती. मी हातमोजा काढून ती बटणे बोटाने पुन्हा एकदा वरून खाली मोजली. त्याला पाठवलेल्या निरोपापुढे एकच खूण उमटत होती. आतला कर्मचारी बाहेर आला, त्याने सासूबाईंना बसायला खुर्ची दिली आणि हळू आवाजात सांगितले की, याच पत्त्यावर फसून आलेले त्या महिन्यातले आम्ही दुसरे कुटुंब आहोत.

मुलीने लीड्सहून धावपळ करून शहराबाहेर दोन खोल्या मिळवल्या. ठाण्याच्या दिरांनी त्याच रात्री १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक घेऊन आमच्या बँकेला कळवले. अशा तक्रारीत वेळेला फार महत्त्व असते, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी कळवले तरच ते गोठवता येतात. शेवटच्या हप्त्यातले ११,५०० रुपये असे अडकवता आले. आधीची रक्कम केव्हाच काढून घेतली गेली होती. बँकेकडून भरपाई मिळेल ही आशाही टिकली नाही. ग्राहकाला संरक्षण देणारा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम अनधिकृत व्यवहारांसाठी होता, आणि इथे तर आम्हीच पिन टाकून पैसे पाठवले होते.

समारंभ शहराच्या एजबॅस्टन भागातल्या विद्यापीठाच्या ग्रेट हॉलमध्ये उत्तम झाला. झगा घातलेली नात पाहून सासूबाईंचे डोळे भरून आले. संध्याकाळी मार्केटमध्ये गेलो. तिथल्या लाकडी ठेल्यांवर पेयाच्या मगासाठी अनामत घेतात, आणि तो रिकामा मग परत दिला की अनामत लगेच हातावर ठेवतात. ठेल्यावरच्या बाईंनी माझी नाणी मोजून परत दिली, तेव्हा मला तिथेच रडू कोसळले.

घरी परतल्यावर धाकट्या मुलाने ते फोटो इंटरनेटवर चित्रावरून शोधून पाहिले. तो सोफा आणि खिडकीतला कालवा भलत्याच देशातल्या, भाड्याने दिल्या जाणाऱ्या एका घराचा होता. हे काम दोन मिनिटांचे होते, आणि निघण्याआधी आमच्या हाती सहा आठवडे होते. शिवाय, तिकडच्या भाड्याच्या घरात घरमालकाच्या संमतीशिवाय परस्पर पोटभाडेकरू ठेवता येत नाही, हे मुलीला माहीत होते. मीच व्यवहार तिला न दाखवता उरकला, कारण समारंभाच्या दिवसांत तिच्या डोक्याला ताप नको होता.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका गटावर जानेवारीच्या पदवीदानासाठी येणाऱ्या पालकांकरता जागेची जाहिरात आली आहे. नाव वेगळे आहे, फोन क्रमांक वेगळा आहे, शहर लेस्टर सांगितले आहे. सोफ्यावरची पिवळी उशी तीच आहे.