पंपावरची वाफ कुठे अडवायची, टँकरपाशी की नोझलपाशी?

निपाणी, चिकोडी, खानापूरकडे नवा पंप टाकणाऱ्या किंवा बेळगाव शहरातला जुना पंप खोदून नव्याने बांधणाऱ्या डीलरपुढे हल्ली व्हीआरएसचा, म्हणजे व्हेपर रिकव्हरी सिस्टीमचा (पेट्रोलची उडणारी वाफ पकडणाऱ्या यंत्रणेचा) प्रश्न येतो. या एका नावाखाली निदान तीन वेगळी कामं विकली जातात. त्यातलं कुठलं आपल्याला हवं, हे ठरवायच्या आधी वाफ नेमकी कुठून जाते ते पाहू.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे, म्हणजे ईपीएचे, अंदाज बरीच वर्षं वापरात आहेत. प्रत्येक हजार लिटर पेट्रोलमागे टँकर खाली करताना भूमिगत टाकीतून सुमारे ८८० ग्रॅम वाफ व्हेंट पाइपने, म्हणजे टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीने, बाहेर पडते. भरण्याचा पाइप टाकीच्या तळापर्यंत नेलेला असेल तरचा हा आकडा. पेट्रोल वरून धो-धो पडत असेल तर तो १,३८० ग्रॅमवर जातो. गाडीत भरताना १,३२० ग्रॅम, टाकीच्या श्वासोच्छ्वासातून आणि ती रिकामी होताना मिळून १२० आणि सांडण्यातून ८० ग्रॅम. आपलं पेट्रोल वेगळं, एप्रिलचं ऊन वेगळं, शिवाय आता त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल. दहा टक्क्यांच्या आसपास इथेनॉल मिसळलं की पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. कुठल्या तोंडातून किती जातं, त्याचा अंदाज मात्र यावरून येतो.

डिझेलची वाफ नगण्य असते. कोगनोळी किंवा कागवाडकडे मुख्यतः ट्रकवर चालणारा पंप असेल, तर खालचा हिशेब फक्त एमएसच्या, म्हणजे पेट्रोलच्या, विक्रीवर मांडा.

पहिलं काम टँकरचं. याला स्टेज वन म्हणतात. टँकरमधून पेट्रोल खाली टाकीत उतरतं तेव्हा टाकीतली वाफ बाहेर ढकलली जाते. तिला दुसऱ्या होजने परत टँकरच्या कप्प्यात न्यायचं, एवढंच हे काम. व्हेंट पाइपच्या टोकाला दाब आणि निर्वात दोन्ही सांभाळणारा पीव्ही व्हॉल्व्ह बसतो. वीज लागत नाही, फिरणारा भाग जवळजवळ नाही. नीट जोडलं तर हजार लिटरमागचे ८८० ग्रॅम ४० पर्यंत खाली येतात. म्हणजे महिना १०० किलोलिटर पेट्रोल विकणाऱ्या पंपावर ८८ किलोंचे ४ किलो. इतक्या थोड्या लोखंडात इतकं काम करणारी दुसरी वस्तू पंपावर नाही.

पण एक गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. ही वाफ तुमच्या टाकीतून गेलेलीच असते. फक्त हवेत न जाता ती टँकरबरोबर डेपोत जाते. तिथे वाफेचं पुन्हा पेट्रोल करणारं युनिट असेल तर फायदा डेपोचा. तुमच्या डिपमध्ये (पट्टी टाकून मोजलेल्या साठ्यात), तुमच्या शॉर्टेजमध्ये (साठ्यातल्या घटीत) स्टेज वनने फरक पडेल अशी आशा धरू नका. पीव्ही व्हॉल्व्हचं तसं नाही. पेट्रोल उडत राहतं आणि बाहेरच्या हवेचा दाब बदलत राहतो, तशी टाकी कधी वाफ सोडते, कधी बाहेरची हवा ओढते. हे तो आवरतो, त्यामुळे ती बचत तुमच्या खात्यात पडते.

दुसरं काम नोझलचं, स्टेज टू. गाडीच्या टाकीतून वर येणारी वाफ भूमिगत टाकीत परत आणायची. हिशेब इथे उलटतो. एरवी तुम्ही टाकीतून दहा लिटर काढले की व्हेंटमधून दहा लिटर कोरडी हवा आत येते आणि ती तुमच्याच पेट्रोलची वाफ पिऊन तृप्त होते. शॉर्टेजचा एक मोठा भाग हाच. नोझलमधून वाफच परत आली तर ती जागा भरून निघते, पेट्रोल कमी उडतं. म्हणजे खिशाला जाणवणारा फायदा स्टेज टूचा, पण खर्चही त्याचाच जास्त.

शिवाय स्टेज वन नसताना स्टेज टू बसवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. दिवसभर नोझलने गोळा केलेली वाफ पुढचा टँकर आला की व्हेंटमधून निघून जाते.

स्टेज टूचे दोन प्रकार. जुन्या पद्धतीत नोझलला रबरी घडीचा बूट असतो. तो गाडीच्या तोंडावर घट्ट बसला की वाफ आपल्याच दाबाने मागे येते. पंप नाही, मोटर नाही. कागदावर सुंदर. आपल्याकडे याचा विचार करू नका. स्कूटर-मोटरसायकलच्या रुंद, उघड्या तोंडावर तो बूट बसतच नाही, आणि रबर फाटलं की काम संपलं.

दुसरा प्रकार निर्वात पंपाचा, आणि आपल्याकडे व्हीआरएस म्हणून बहुधा हाच पुढे येतो. नोझलच्या टोकाशी बारीक छिद्रं, दुहेरी होज, डिस्पेन्सरमध्ये छोटा पंप. जितकं पेट्रोल जातं तितकीच वाफ ओढायची. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमात हे प्रमाण ०.९५ ते १.०५ धरलं आहे आणि निदान ८५ टक्के वाफ पकडली गेली पाहिजे असं म्हटलं आहे. प्रमाण कमी झालं तर वाफ सुटते. जास्त झालं तर जादा हवा टाकीत जाते, तीही पेट्रोल पिते आणि टाकीचा दाब वाढून व्हेंटने बाहेर येते.

आता गोगटे सर्कलजवळ किंवा टिळकवाडीत संध्याकाळी पंपावर उभे राहा. कार कमी, दुचाक्यांची रांग. पोरगा नोझल टाकीत पुरतं घालत नाही, फेस वर येऊ नये म्हणून थोडं वर धरतो. वाऱ्यात वाफ विरते आणि निर्वात पंप बरीचशी साधी हवाच ओढतो. यामुळे ८५ टक्क्यांचा आकडा दुचाकीवाल्या पंपावर जसाच्या तसा मिळेल, यावर माझा विश्वास नाही. कारवाल्या पंपावर मात्र तो पटतो.

तरी पैशापलीकडे एक कारण उरतं. नोझल धरणारा पोरगा रोज आठ-दहा तास त्या वाफेत उभा असतो. बीएस ६ पेट्रोलमध्ये बेंझिनची मर्यादा १ टक्का आहे, आणि बेंझिन माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. अर्धी वाफ जरी अडली तरी सगळ्यात आधी फायदा त्याचा. हे कारण मला हिशेबापेक्षा जड वाटतं.

नियमाचं थोडक्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांप्रमाणे १० लाखांवर वस्तीच्या शहरांत महिना १०० किलोलिटरपेक्षा जास्त आणि १ ते १० लाख वस्तीच्या शहरांत ३०० किलोलिटरपेक्षा जास्त पेट्रोल विकणाऱ्या पंपांना व्हीआरएस लागू होते. बेळगाव दुसऱ्या गटात येतं. ३०० किलोलिटर म्हणजे रोज सरासरी १० हजार लिटर, तेही नुसतं पेट्रोल. निपाणीची वस्ती २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आतच होती. राज्य मंडळाचं पत्र कन्नडमध्ये आलं तर अंदाजाने सही करू नका, नीट वाचून घ्या.

‘नव्या गाड्या येतील तेव्हा बघू’ असंही काही जण म्हणतात. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून गाडीतच वाफ धरणारा मोठा कोळशाचा डबा येऊ लागला आणि २०१२ मध्ये ईपीएने स्टेज टू काढायला राज्यांना मोकळीक दिली. आपल्या बीएस ६ गाड्यांतला डबा उभ्या गाडीच्या वाफेसाठी आहे, भरतानाच्या वाफेसाठी नाही. त्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही.

म्हणून माझा सल्ला असा. लहान गावातला, दुचाकीवर चालणारा पंप असेल तर स्टेज वन आणि चांगला पीव्ही व्हॉल्व्ह घ्या, तिथेच थांबा. पण नव्याने बांधत असाल तर डिस्पेन्सरपासून टाकीपर्यंत वाफेचा पाइप आत्ताच पुरा, टाकीकडे उतार देऊन, नाहीतर आत साचलेलं पेट्रोल वाट अडवतं. पुढे फोरकोर्ट (गाड्या उभ्या राहतात ते फरशीचं अंगण) फोडण्याचा खर्च या पाइपाच्या कितीतरी पट असतो. शहरात कार भरपूर आणि विक्री ३०० च्या जवळ असेल तर निर्वात पंपाचं स्टेज टू घ्या. होज आणि सीलं इथेनॉलला टिकणारी आहेत हे लेखी मागा. तिसरं काम म्हणजे व्हेंटवर बसणारी, पडद्याने वाफ गाळणारी किंवा थंड करून तिचं द्रव करणारी युनिटं. ती आपल्या आकाराच्या पंपासाठी महागच.

सही करण्यापूर्वी कंपनीकडून तीन उत्तरं घ्या. हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाची तपासणी दरवर्षी कोण करणार, आणि निर्वात पंप बिघडला तर सुटा भाग कोण देणार? येणाऱ्या टँकरला वाफेचं तोंड आहे का, आणि डेपोत ती वाफ घेतली जाते का? टँकर खाली होताना होज जोडली की नाही, हे कोण पाहणार? शेवटच्याचं उत्तर बहुतेक ‘तुम्हीच’ असं येईल. तेव्हा डेन्सिटी आणि डिप जिथे लिहिता, त्याच वहीत त्यासाठी एक रकाना आखून घ्या.