कलमी लाल निवडुंग की मॅमिलेरिया? नाशिकच्या गॅलरीसाठी

नर्सरीत गेलं की नजर आधी लाल-पिवळ्या गोळ्यावर जाते. पण ते एक झाड नसतं, दोन झाडांचं कलम असतं. वरच्या लाल गोळ्यात, म्हणजे जिम्नोकॅलिशियम नावाच्या निवडुंगात, हरितद्रव्य नाही, त्यामुळे स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही. खालचा तिधारी दांडा, बहुतेकदा ड्रॅगनफ्रूटच्या जातीचा, त्याला पोसतो. दोघांची वाढ सारखी नसते. काही वर्षांत जोड सुटतो किंवा दांडा सडतो. शिवाय हा दांडा उष्ण प्रदेशातला. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरला की कुंडी रात्री घरात घ्यावी लागते.

मॅमिलेरिया हाही निवडुंगच, मूळची मुख्यतः मेक्सिकोची, दिसायला साधी. पण आपली थंडी हिच्या पथ्यावर पडते. नोव्हेंबर ते जानेवारी पाणी जवळजवळ बंद ठेवलं, की उन्हाळ्याच्या तोंडाशी डोक्याभोवती फुलांचं कडं उमलतं. पहिल्या वर्षी मी मायेने हिवाळाभर पाणी घालत राहिले आणि एकही फूल आलं नाही. दुसऱ्या वर्षी हात आखडला, तेव्हा गुलाबी कडं आलं. तो आनंद कलमी गोळ्याने मला कधी दिला नाही.

उजेडाचा हिशोब मात्र घरी बघूनच करा. मॅमिलेरियाला रोज चार-पाच तास ऊन हवं, नाहीतर ती लांबट, फिकी होते. लाल गोळा दुपारच्या उन्हात भाजतो, त्याला सकाळचं कोवळं ऊन पुरे. पूर्वेच्या गॅलरीत दोन्ही जमतील. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी लावाच. फक्त उत्तरेची खिडकी असेल तर दोन्ही सोडा आणि हॉवर्थिया घ्या. ती निवडुंग नाही, पण कमी उजेडात तगते.

पावसाळ्यात दोघांची गत एकच. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. म्हणून निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा, भोक असलेली मातीची कुंडी आणि डोक्यावर छप्पर. गोदावरीला पूर येऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलंय त्या आठवड्यात कुंडीला थेंबही नको.

पहिलंच झाड असेल तर मॅमिलेरियाच घ्या. घेताना वरचं फूल हलकेच हलवून पाहा. काही वेळा वाळकं रंगीत फूल गोंदाने चिकटवलेलं असतं. काट्यांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड) आहे का, तेही बघा. मॅमिलेरियाची स्वतःची लोकर सगळीकडे सारखी असते, ढेकणाचे पुंजके मात्र विखुरलेले आणि चिकट.