कॉक्स-२ साठी फ्लुरोसंट अँटीबॉडी: डायरेक्ट घ्यायची की इनडायरेक्ट?

कॉक्स-२ साठी (दाह होताना पेशीत वाढणारं एन्झाइम) कुठली अँटीबॉडी घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी हेच विचारते, बघणार कशावर, फ्लोवर (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजणारं यंत्र) की मायक्रोस्कोपवर? अर्धा निर्णय तिथेच होतो.

फ्लो असेल तर डायरेक्ट, म्हणजे रंग आधीच जोडलेली घ्या. एक इन्क्युबेशन वाचतं, वॉश कमी म्हणून पेशीही कमी वाया जातात, आणि सोबत सरफेस मार्कर (पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं) बघायला आणखी अँटीबॉडी लावायच्या असतील तर सेकंडरी (इनडायरेक्टमध्ये रंग न जोडलेल्या पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटीबॉडीला धरणारी रंगीत दुसरी) भलत्याच अँटीबॉडीला चिकटायची भीती राहत नाही. रंगात पीई (फायकोएरिथ्रिन) भरपूर उजळ, पण तो साधारण २४० किलोडाल्टनचा, म्हणजे १५० च्या अँटीबॉडीपेक्षाही मोठा, आणि कॉक्स-२ बसलंय ईआरच्या (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम, पेशीतलं पडद्यांचं जाळं) आतल्या बाजूला आणि न्यूक्लियसच्या आवरणात, त्यामुळे पर्मिअबिलायझेशन (पेशीच्या पडद्यांना भोकं पाडणं) चांगलंच व्हायला हवं. त्यासाठी सॅपोनिन वापरत असाल तर ते पुढच्या स्टेनिंगच्या आणि वॉशच्या बफरमध्येही ठेवा, नाहीतर भोकं परत बुजतात. पीई लावल्यावर मिथेनॉल मात्र अजिबात नको, रंगच जातो.

मायक्रोस्कोपवर पीई पटकन ब्लीच होतो (प्रकाशात फिका पडतो), तिथे मी इनडायरेक्टच सांगेन. एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात, सिग्नल वाढतो, आणि न्यूक्लियसभोवती कॉक्स-२ ची ती कडा छान उठून दिसते. उंदराचा टिश्यू असेल तर प्रायमरी सशाची घ्या, माऊसची घेतली तर सेकंडरी टिश्यूतल्या उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडीलाही (आयजीजी) धरते आणि सगळंच चमकतं.

हिरव्या रंगात एफआयटीसी की अलेक्सा ४८८? लेझर तोच, फिल्टर तोच, पण एफआयटीसी लवकर ब्लीच होतो आणि ॲसिडिक पीएचला मंदावतो, त्यामुळे बजेट अगदीच ताणलेलं नसेल तर अलेक्साच. मॅक्रोफेजेस (जंतू गिळणाऱ्या प्रतिकार पेशी) मुळातच हिरव्यात चमकतात, तिथे अलेक्सा ६४७ बरा, फक्त तो डोळ्यांना जवळपास दिसत नाही, कॅमेरा लागतो.

खरं तर रंगापेक्षा क्लोन (अँटीबॉडीचा नेमका वाण, ती प्रथिनाच्या कुठल्या तुकड्याला धरते ते यावर ठरतं) जास्त महत्त्वाचा, त्यावर लोक फार कमी वेळ देतात याचं वाईट वाटतं. कॉक्स-१ (त्याचं भावंड एन्झाइम) आणि कॉक्स-२ चा सिक्वेन्स साधारण ६० टक्के सारखा, म्हणून कॉक्स-२ च्या सी-टर्मिनसजवळच्या (प्रथिनाच्या शेवटच्या टोकाजवळच्या) वेगळ्या तुकड्यावर बनवलेली अँटीबॉडी शोधा. मग एलपीएस (कॉक्स-२ वाढवणारा जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ) दिलेले आणि न दिलेले मॅक्रोफेजेस शेजारी शेजारी लावा, एफसी ब्लॉक करून (अँटीबॉडीला शेपटीकडून धरणारे रिसेप्टर झाकून), आयसोटाइप कंट्रोलला (त्याच प्रकारची पण कॉक्स-२ ला न धरणारी अँटीबॉडी) तोच रंग ठेवून. दोन्हीकडे सारखंच चमकलं तर ती बाटली बाजूला ठेवा. मेंदू आणि किडनीत मात्र कॉक्स-२ एरवीही असतं, तिथे नॉकआउट (कॉक्स-२ चं जनुक काढून टाकलेल्या) टिश्यूचाच कंट्रोल लावा.

एकच घेता येणार असेल तर सशाची, रंग न जोडलेली प्रायमरी घ्या, सेकंडरी बदलून ती दोन्हीकडे चालते आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून बघायची चाचणी) ७० किलोडाल्टनच्या आसपास बँड येतो का तेही तपासता येतं.