घरात टीबी निघाला : बाकीच्यांनी रोजची गोळी घ्यावी की आठवड्याचा डोस?

घरातल्या एकाला टीबी निघाला की आशाताई बाकी सगळ्यांची नावं प्रतिबंधक औषधासाठी लिहून नेते. मग ओसरीवर एकच प्रश्न : "आम्हाला काय झालंय म्हणून औषध?" प्रश्न रास्त आहे. बहुतेकांना काहीच झालेलं नसतं, फक्त जंतू अंगात शिरून गप्प बसलेला असू शकतो. अशा दहा जणांत फार तर एकाला आयुष्यात कधीतरी टीबी होतो, पण होणार असेल तर तो बहुधा लागणीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांपासून हे प्रतिबंधक औषध फक्त लहान मुलांना नाही, तर रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांना द्यायचं ठरलं. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं.

औषधाचे मुख्य पर्याय दोन. पहिला, रोज आयसोनियाझिड, सहा महिने. दुसरा, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन एकत्र, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. म्हणजे एकीकडे १८० च्या आसपास डोस, दुसरीकडे बारा.

आकडा ऐकूनच बहुतेक जण दुसरीकडे झुकतात. पण तो बारापैकी एक डोस कसा दिसतो ते बघा. सुट्या गोळ्या असतील तर ५० किलोच्या वरच्या माणसाला रिफापेंटिनच्या सहा, आयसोनियाझिडच्या तीन आणि वर बी-६ जीवनसत्त्वाची एक, असा ताटलीत ढीग होतो. तोही जेवणासोबत गिळायचा. एकत्रित गोळी मिळाली तर तीनवर भागतं, म्हणून दवाखान्यात कोणती आलीय ते आधी विचारा. आयसोनियाझिडची गोळी मात्र रोज एकच (सोबत बी-६), रिकाम्या पोटी, आणि ती जुनी ओळखीची. पाचगणीचं बेल-एअर रुग्णालय १९१२ साली क्षयरोग्यांसाठी उभं राहिलं तेव्हा डॉक्टरांच्या हाती हवा, खुराक आणि विश्रांतीच होती. ही गोळी आली १९५२ मध्ये.

आता संशोधन. २०११ च्या अखेरीला एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. अमेरिका, कॅनडा, ब्राझील आणि स्पेनमधल्या साडेसात हजारांहून जास्त लोकांवर ती झाली होती. आठवड्याच्या डोसवाल्या गटात पुढे ७ जणांना टीबी झाला, रोजच्या गोळीवाल्यांत १५ जणांना. कोर्स पुरा करणारे ८२ टक्के विरुद्ध ६९ टक्के. औषधामुळे यकृताला त्रास ०.४ टक्के विरुद्ध २.७ टक्के. ताप, पुरळ, चक्कर अशी औषध न मानवल्याची लक्षणं मात्र आठवड्याच्या डोसवर जास्त दिसली.

इथेच टाळ्या वाजवू नका. एक तर त्या चाचणीत रोजची गोळी नऊ महिने दिली होती, आपल्याकडे सहा देतात. दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आठवड्याचा डोस तिथे आरोग्य कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर दिला जायचा, रोजची गोळी लोक घरी आपापली घ्यायचे. म्हणजे ८२ टक्क्यांत डोसइतकाच समोर उभ्या राहिलेल्या माणसाचाही वाटा असणार. पुढच्या एका चाचणीत तोच आठवड्याचा डोस दोन्ही पद्धतींनी दिला, तेव्हा समोर घेणाऱ्यांपैकी ८७ टक्क्यांनी कोर्स पुरा केला, आपापला घेणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांनी.

म्हणून गोळ्या मोजण्याआधी घरातला आठवडा मोजा. जावळी-पाटणकडचा मुलगा मुंबईला कामाला, शनिवारी रात्री एसटीने गावी येतो. त्याला रविवारचा डोस आईसमोर, जेवणावर, हे सोपं जातं. कराडच्या फडावर आलेल्या ऊसतोड जोडप्यालाही बारा आठवडे हंगामात बसतात. सहा महिने धरले तर मधेच टोळी गावाकडे परतते आणि कार्ड इथेच राहतं. उलट ज्या आजी बीपीची गोळी रोज सकाळी न चुकता घेतात, त्यांच्या सवयीत अजून एक सहज सामावते. आठवड्याचा वार त्यांच्या लक्षात राहीलच असं नाही. वार चुकलाच तर आठवल्याबरोबर घ्या, पण मागची-पुढची मिळून दोन डोस एकदम घ्यायचे नाहीत.

काही घरांत निवड करायला जागाच नसते. गरोदर बाईला आणि दोन वर्षांखालच्या बाळाला आठवड्याचा डोस देत नाहीत. रिफापेंटिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा उरत नाही, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा असर घटतो, ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्याही कमी पडू शकतात आणि साखर चढते. एचआयव्हीच्या काही औषधांशीही त्याचं जमत नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका. रोज दारू पिणाऱ्याला दोन्ही पर्याय जोखमीचे आहेत. ते डॉक्टरांपासून लपवू नका.

सगळ्यांत आधी मात्र रुग्णाचा रिपोर्ट मागून घ्या. त्याच्या जंतूवर रिफाम्पिसिन (रिफापेंटिनच्याच जातीचं टीबीचं औषध) किंवा आयसोनियाझिड चालत नसेल, तर घरच्यांसाठी वेगळं औषध लागतं आणि वरची तुलना तुमच्यासाठी नाही. तुम्हाला स्वतःला खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट असेल, तर प्रतिबंधाची गोळी सुरूच करायची नाही. आधी थुंकी आणि एक्स-रे. आत टीबी चालू असताना एकटी आयसोनियाझिड दिली तर जंतू तिला सरावतो.

रिफापेंटिन घेतल्यावर लघवी नारिंगी होते, घामाचा डागही बनियनवर पडतो. त्याला घाबरून औषध सोडू नका. पण दोन्हींपैकी कोणत्याही औषधावर भूक मेली, सारखी उलटी होऊ लागली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.