हॉट स्टेजसह पोलरायझिंग मायक्रोस्कोप: आठ महिने वापरल्यानंतर

पदरचे ६८,००० रुपये घालून मायक्रोस्कोप आणि त्याखाली नमुना तापवणारी हॉट स्टेज, असा हा संच घेतला. पट्टेदार स्फेरुलाइट, म्हणजे वितळलेलं पॉलिमर गोठताना त्यात वाढणारे स्फटिकांचे गोल, इतकी वर्षं वर्गातल्या मुलांना चित्रातच दाखवत आले होते. ते डोळ्यांदेखत वाढताना त्यांना बघता यावेत, एवढ्यासाठी ही खरेदी.

आधी मायक्रोस्कोपबद्दल, कारण तो उत्तम निघाला. लेन्स स्वच्छ, फिरती स्टेज हाताला हलकी, अ‍ॅनालायझर (प्रकाशाची एकच कंपनदिशा पुढे सोडणारी, नमुन्याच्या वरची गाळणी) पटकन बाहेर सरकतो. पहिला नमुना पीएचबीचा, म्हणजे बॅक्टेरिया आपल्या पेशीत साठवतात त्या पॉलिएस्टरचा. चिमूटभर पावडर काच आणि कव्हर स्लिपमध्ये दाबली, १९० अंशांवर मिनिटभर वितळवली (जास्त ठेवली तर साखळ्या तुटतात) आणि ११० वर आणली. या पॉलिमरमध्ये स्फटिकाची केंद्रं मोजकीच सुटतात, त्यामुळे एकेक गोल भरपूर मोठा होतो. काळ्या पार्श्वभूमीवर एक ठिपका उमटला, त्याभोवती एक वलय, मग दुसरं, तिसरं. मधोमध काळा क्रॉस. स्टेज फिरवली तरी क्रॉस जागचा हलत नाही, हे मुलांनी चार-चार वेळा करून पाहिलं.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात टॉवेलचे पॉवरलूम. त्यामुळे वलयांचं कारण मी सुतावरूनच समजावते. काळा आणि पांढरा धागा एकत्र पिळला की दुपदरी सुतावर आळीपाळीने काळं-पांढरं दिसतं. पीळ घट्ट तर पट्टे दाट. स्फेरुलाइटमध्ये केंद्रातून बाहेर वाढणाऱ्या लॅमेला, साधारण १० नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या, अशाच पीळ घेत जातात आणि शेजारच्या पट्ट्यांचा पीळ एकमेकींशी जुळलेला असतो. प्रकाशीय अक्ष (त्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाची कंपनदिशा स्फटिक बदलत नाही) डोळ्याच्या दिशेने आला की तिथे अंधार. अर्ध्या वेढ्यानंतर पुन्हा तीच स्थिती. पीळ का बसतो यावर अजून मतभेद आहेत. लॅमेलाच्या दोन घडी-पृष्ठांवरचा (साखळ्या घडी घालून वळतात त्या वरच्या-खालच्या बाजूंवरचा) ताण सारखा नसतो, हे किथ आणि पॅडन यांनी १९८४ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला जास्त पटतं.

पण पातळ फिल्ममधलं प्रत्येक वलय पिळाचंच असतं असं नाही. वाढणारा स्फटिक समोरचा माल ओढून घेतो, पुढे फिल्म विरळ होते, वाढ मंदावते, मग पुन्हा उंचवटा चढतो. ही वलयं जाडीची. अ‍ॅनालायझर काढला तरी दिसत राहतात. पिळाची त्यानं जवळजवळ पुसली जातात. एवढी साधी परीक्षा या संचावर दोन सेकंदांत होते, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले.

तक्रार आहे ती हॉट स्टेजची. बेंझोइक अ‍ॅसिड १२२ अंशांना वितळतं. पडद्यावर तेव्हा १२८ दिसत होते. पट्ट्यांची रुंदी तापमानावर ठरते, तिथे सहा अंश म्हणजे सगळी मापं चुकली. विक्रेत्याला तीनदा फोन केला. "मॅडम, गरम होतंय ना?" एवढंच उत्तर. याचा मला खरंच राग आला. शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) हीटरला चिकटून होतं ते काढून नमुन्याच्या काचेजवळ बसवलं. आता १२३ दाखवतं.

थंड करायची सोयही नाही. दुसरं एक पॉलिएस्टर, पॉलिइथिलीन अ‍ॅडिपेटचे पट्टे २८ अंशांच्या आसपासच नीट दिसतात, आणि मार्चनंतर सोलापुरात आमची लॅब तेवढी गार राहत नाही. तो प्रयोग आम्ही जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळी लवकर उरकला.

एकदा पीएचबी वाढत असताना लाइट गेली. दिवा बंद, हीटर बंद. वीस मिनिटांनी लाइट आल्यावर आयपीसला डोळा लावलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, इथून पुढे पट्टे दाट झालेत बघा." खरंच होतं. आतली वलयं रुंद, एका त्रिज्येपाशी बदल, आणि तिथून कडेपर्यंत एकाहून एक अरुंद. स्टेज निवत गेली तसा पीळ घट्ट होत गेला होता.

५ पैकी साडेतीन. घेणार असाल तर बेंझोइक अ‍ॅसिड आणि यूपीएस त्याच दिवशी घ्या. लाइट गेलेल्या दिवसाची ती स्लाइड मी तारीख घालून कपाटात ठेवली आहे; पुढच्या बॅचच्या पहिल्या प्रॅक्टिकलला तीच लावणार.