लाल औषधाची जखम, लाल दिव्याचे उपचार

चौथ्या केमोला डॉक्सोरुबिसिन, ते लाल औषध, शिरेबाहेर झिरपलं. डाव्या हाताच्या पाठीवर चुरचुरत होतं. केमो म्हटल्यावर चालायचंच, असं समजून मी गप्प बसले. यावरचं उताऱ्याचं औषध, डेक्सराझोक्सेन, 6 तासांच्या आत सुरू करावं लागतं. सूज लक्षात आली तोवर ती वेळ टळून गेली होती. मग बर्फाचा शेक, आणि वाट बघणं. हे औषध मेलेल्या पेशीतून सुटून शेजारच्या पेशीत शिरतं, म्हणून जखम आठवडेच्या आठवडे चिघळत राहते. माझी तिसऱ्या आठवड्यात काळी पडून फाटली.

सर्जननी आधी मेलेली कातडी काढली, ड्रेसिंग सुरू केलं, आणि मग लाइट थेरपीला पाठवलं. चौदा सिटिंग झाली. पहिल्याच दिवशी थेरपिस्टबाईंनी गाठ नेमकी कुठे होती ते विचारलं आणि कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. तिथेच माझा विश्वास बसला. प्रकाश सोडणाऱ्या प्रोबला पातळ प्लास्टिक गुंडाळून तो जखमेवर धरतात. 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश दिसतो, 810 चा दिसत नाही, त्यामुळे निम्मा वेळ मशीन बंद पडलंय असंच वाटायचं. दुखत नाही, भाजत नाही. चष्मा मात्र दोघांनीही लावायचाच. माझा सारखा नाकावर घसरायचा आणि दुसरा हात तो सावरण्यातच जायचा.

दर आठवड्याला बाई जखमेवर पारदर्शक कागद ठेवून मार्करने तिची कड काढत आणि तारीख घालत. पहिले दोन कागद एकावर एक ठेवले तर कड हललेलीच नव्हती. मी वैतागले होते. पाचवा कागद पहिल्यावर ठेवला तेव्हा मात्र दोन कडांमध्ये मोठा रिकामा पट्टा दिसला.

हे दिव्याने झालं की ड्रेसिंगने, कोण सांगणार? केमोतल्या तोंडाच्या फोडांवर या उपचाराचा पुरावा भक्कम आहे, औषध झिरपलेल्या जखमांवर मोजक्याच रुग्णांचे अनुभव आहेत. तरी काउंटरवरच्या पत्रकात ‘हमखास गुण’ असं छापलंय. ते काढून टाका, असं मी तिथेच सांगितलं. वेळेच्या बाबतीतही आनंदच. एकदा तर तासभर ताटकळले.

पाचपैकी साडेतीन. जखम भरली, पण वणाची कातडी ताणते. मूठ अजून पुरती वळत नाही, बटणं मात्र आता माझी मीच लावते.