शिया बटर: रवाळ चालेल, खवट नको

शिया बटर म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांतून काढलेली, अंगाला लावायची चरबी. कोल्हापुरात ते साधारण तीन रूपांत हाती येतं. साबण-क्रीमचा कच्चा माल विकणाऱ्यांकडचं सुटं, पिशवीत तोलून दिलेलं. सीलबंद डबीतलं कच्चं, म्हणजे अनरिफाइंड. आणि फेटून हलकं केलेलं 'व्हिप्ड'. यातलं पैसे वसूल करणारं एकच, मधलं. तेही 100 किंवा 200 ग्रॅमच्या, आतलं न दिसणाऱ्या डबीतलं.

व्हिप्डमध्ये तुम्ही हवेचे पैसे मोजता. डबी मोठी दिसते, पण लेबलवर मिलीऐवजी ग्रॅम शोधा, म्हणजे खरा हिशोब कळतो. शिवाय आत कोंडलेल्या हवेमुळे ते लवकर खवट होतं आणि एप्रिलच्या एका दुपारीच खाली बसतं. सुट्या मालाची अडचण वेगळी. पेटी कधी फोडली, किती दिवस उघडी राहिली, याचा पत्ता नसतो. लगेच साबणात घालायचं असेल तर ठीक, अंगाला लावायला नको. पांढरंशुभ्र, बिनवासाचं रिफाइंड वाईट नसतं. ज्यांना कच्च्याचा वास सोसत नाही त्यांनी तेच घ्यावं, फक्त शुद्धीकरणात वासाबरोबर त्वचेला उपयोगी असलेले काही घटकही कमी होतात.

वास हीच खरी परीक्षा. घाना, बुर्किना फासो, माली या भागांत बायका शियाच्या बिया उकडून, वाळवून, भाजून दळतात, तो लगदा पाण्यात हातानं घुसळतात आणि वर आलेली चरबी कढवतात. म्हणून चांगल्या कच्च्या बटरला भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटासारखा, किंचित धुरकट वास असतो. जुन्या खोबऱ्यासारखा घशाशी येणारा वास आला तर डबी परत करा. खवटपणा गरम करून जात नाही. सुगंधी तेल घातलं तर फक्त झाकला जातो. रंग हस्तिदंती ते फिकट पिवळा हवा. पिवळाधमक रंग म्हणजे जास्त शुद्ध, हा गैरसमज आहे. आफ्रिकेतच काही ठिकाणी एका झाडाच्या मुळाचा रंग घालून ते पिवळं करतात.

घटकांच्या यादीत 'ब्युटिरोस्पर्मम पार्की बटर' (शिया बटरचंच लेबलवरचं नाव) एवढं एकच नाव असावं. बॅच क्रमांक, वापरायची शेवटची तारीख, आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हेही बघा. इथे एक मेख आहे. मोठ्या पेटीतून डब्या भरणारे पुष्कळदा डबी भरल्याचीच तारीख छापतात. बटर मात्र निघाल्यापासून साधारण दीड ते दोन वर्षं नीट टिकतं. म्हणून दुकानदाराला मूळ पेटीवरची तारीख विचारा. जो न अडखळता सांगतो, त्याच्याकडूनच घ्या.

आता सगळ्यात जास्त तक्रार होते ती गोष्ट: बटर दाणेदार झालं. लोणी कढवून ठेवलेलं तूप सावकाश गार झालं की रवाळ होतं ना, तसंच हे. शिया बटर 32 ते 37 अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा पारा त्याच्या वर जातो. कुरिअरच्या टेम्पोत ते पातळ होतं, रात्री हळूहळू थिजतं. तेव्हा त्यातला कडक भाग आधी गोठून दाणे धरतो आणि मऊ भाग मागे राहतो. माल बिघडलेला नसतो. चिमूटभर तळहातावर चोळा. दाणे अर्ध्या मिनिटात विरघळले तर निर्धास्त राहा. चोळूनही मेणचट थर उरला, तर मेणाची भेसळ असण्याची शंका घ्या.

दाणे घालवायचे तर पातेल्यात पाणी तापवून त्यात कोरडी स्टीलची वाटी ठेवा. पाणी खळखळू देऊ नका, नाहीतर वाफेचे थेंब वाटीत पडतात. बटर पूर्ण पारदर्शक झाल्यावर 15 ते 20 मिनिटं तसंच गरम ठेवा, मग वाटी बर्फाच्या पाण्यात धरून सतत ढवळा. दाट होऊ लागलं की डबीत ओतून थेट फ्रीजमध्ये. बहुतेकजण चुकतात ते इथेच: एखादा दाणा उरलेला असताना गॅस बंद करतात किंवा वाटी ओट्यावरच निववतात. मग दुसऱ्या दिवशी रवा परत हजर.

साठवणीचं म्हणाल तर मार्च ते मे फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात. पावसाळ्यात धोका उष्णतेचा नसतो, पाण्याचा असतो. जुलैत फ्रीजमधून काढलेली गार डबी लगेच उघडली तर दमट हवेतलं पाणी आत बटरवर धरतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते. आधी डबी बाहेर ठेवून खोलीच्या हवेला येऊ द्या, बाहेरचा घाम पुसा, मगच झाकण काढा. बाथरूममध्ये डबी ठेवू नका, ओलं बोट घालू नका. कोरडा चमचा वापरा. आठवड्यापुरतं छोट्या डबीत काढून घेतलं तर मोठी डबी वारंवार उघडावी लागत नाही. व्हिटॅमिन ई घातल्यानं खवट होणं लांबतं, बुरशी थांबत नाही.

लावायचं अंघोळीनंतर, अंग जरा ओलसर असतानाच. एका पायाला अर्धा छोटा चमचा पुरतो, चेहऱ्याला वाटाण्याएवढं. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला नकोच. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आत लावून एक दिवस वाट बघा. सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच वापरा. ऊन अडवण्यासाठी यावर विसंबू नका, सनस्क्रीन वेगळं लागतंच.

आणि फक्त टाचांच्या भेगांसाठी घेणार असाल तर थांबा. करूळ किंवा फोंडा घाट उतरला की कोकमाचा मुलूख लागतो. तिथलं कोकमतेल शियापेक्षा कडक, जास्त उष्णतेवर वितळणारं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यातही डबीत घट्ट राहतं. रात्री टाचा धुऊन, ते गरम करून भरायचं आणि मोजे घालायचे. कोपरं, नडग्या, थंडीत फुटलेले हात यांना मात्र शियाच बरं, कारण ते मऊ आहे आणि ओढून लावावं लागत नाही.